फायबरचा १ जीबीपीएस प्लॅन आहे, पण लॅपटॉपला केबल लावूनही स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही. काय बदलावं?

प्लॅन बदलू नका, कंपनीशी भांडूही नका. स्पीड बरोबर ९४-९५ वर अडकतो तेव्हा बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं जोडणं असतं.

लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० दिसला तर पहिला संशय केबलवर. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली किंवा टोकाचा कनेक्टर तिच्यावर नीट दाबून बसवलेला (क्रिम्प) नसला तरी सहसा नेट बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर उतरतं. म्हणून तर हा दोष लवकर सापडत नाही. नवी केबल कॅट ५ई घेतली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट मिळतं. घरासाठी कॅट ८ म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

लिंक १००० दाखवते, तरी स्पीड तोच? मग ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो कंपनीचा डबा) ते राउटर ही केबल आणि राउटरचे पोर्ट तपासा. खोक्यावर ठळक 'एसी १२००' (हा वायफायचा आकडा) आणि मागे पोर्ट मात्र १०० चे, असे राउटर सर्रास विकले जातात. मधे जुना नेटवर्क स्विच (एका केबलवरून अनेक जोडण्या देणारा डबा) असेल तर तोही बघा.

वायफायचं नंतर. तिथे ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा, २.४ वर गिगाबिटची आशा नको.