1500 रुपयांत हाताने घडवलेली स्वयंपाकाची सुरी मिळेल का?

प्रश्न असा आहे: बजेट 1500 रुपये, कारखान्यातली नको, हाताने घडवलेली सुरी हवी. ऑनलाइन 1400ला लाटांच्या नक्षीची 'डमास्कस' सुरी दिसते आहे, ती घ्यावी का? आणि विचारणारे डावखुरे आहेत.

सुरी मिळेल. ती डमास्कसवाली मात्र घेऊ नका.

खऱ्या कामात दोन जातींचं पोलाद थरावर थर रचून, तापवून, ठोकून एकजीव करतात. मग पातं आम्लात बुडवलं की एक जात काळी पडते, दुसरी चमकत राहते आणि नक्षी उमटते. एवढी मेहनत, त्यावर मूठ, खोका आणि कुरिअर, हे सगळं 1400 रुपयांत कसं बसेल? मी एकदा मोहात पडून अशीच एक मागवली होती. दोन महिन्यांनी पात्याची बाजू दगडावर घासली आणि लाटा ओसरल्या. थरांची नक्षी पुसट झाली तरी पुन्हा आम्लात बुडवल्यावर वर येते, कारण ती आतपर्यंत गेलेली असते. माझी आली नाही. खाली साधं, मऊ, कसलंसं स्टेनलेस होतं.

माझी नोकरी पिंपरी-चिंचवडमध्ये टूलरूमला, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात गेली, त्यातली बरीच वर्षं भट्टीपाशी. त्यामुळे माझं मत एकांगी असेल, पण सांगतो: सुरीत पैसे द्यायचे ते पाण्याचे. मूठ, नक्षी, चामड्याचं म्यान हे सगळं नंतर. लोहार 'पाणी देणं' म्हणतात ते हेच, तापवून लाल केलेलं पातं बुडवून कडक करणं. पाणी कमी पडलं तर धार मुडपते, जास्त झालं तर धारेचे तुकडे उडतात. बाकी सगळं घरी दुरुस्त करता येतं, हे येत नाही.

तुमच्या पैशात दोन वाटा आहेत.

पहिली वाट दिसायला अगदीच गरीब. मटण-मासळीच्या बाजारात दुकानदारांच्या हातात एक बारीक, काळपट, लाकडाच्या मुठीला दोरा किंवा सायकलची ट्यूब गुंडाळलेली सुरी दिसते ना, ती बहुतेक वेळा मशीनच्या जुन्या हॅक्सॉ ब्लेडची असते. लोखंडाचे बार कापणाऱ्या पॉवर हॅक्सॉचं हे पातं, साधारण 2 मिलिमीटर जाडीचं. चांगल्यापैकी ब्लेडं अख्खी हायस्पीड स्टीलची असतात. या पोलादाची गंमत अशी की ते कारखान्यातूनच कडक होऊन येतं आणि साडेपाचशे अंशांपर्यंत तापलं तरी कडकपणा फारसा सोडत नाही. म्हणून चाकावर धार काढताना साधं पोलाद वाया जातं, हे जात नाही. अशी सुरी मला शेवटची 200 रुपयांना पडली.

खोट दोन. एक, ती काचेसारखी असते: फरशीवर पडली किंवा तिनं हाड फोडायला गेलात की मधोमध दोन तुकडे. दुसरी, हल्ली पुष्कळ ब्लेडं बायमेटल येतात. त्यात फक्त दातांची कड हायस्पीडची, बाकी अंग वेगळं. दात घासून टाकल्यावर हाती राहतं ते हे अंग. ओळखायचं ठिणग्यांवरून. धारवाल्याला पाठीकडून ग्राइंडरला जरा टेकवायला सांगा. साधं कार्बन पोलाद फुलबाजीसारखं पांढरं, फुटत फुटत उडतं. हायस्पीडच्या ठिणग्या थोड्या, मळकट तांबूस, न फुटणाऱ्या. एकदा शेजारी शेजारी पाहिलंत की पुन्हा विचारावं लागणार नाही.

दुसरी वाट लोहाराची, आणि मन तिथंच रमतं. गावात पेठेतला लोहार असेल तर उत्तम. नसेल तर आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी कुटुंबं पाल टाकून बसतात: तो सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते. दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहिलं तरी वेळ वसूल. पेरणीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटायला, म्हणजे ठोकून नवी धार काढून घ्यायला लोकांची रांग असते आणि तुमच्या सुरीकडे कोणी बघणार नाही.

माल कुठला ते आधी ठरवा. ट्रकच्या किंवा जीपच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, पाटा मागा. त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, स्वयंपाकघराला तेवढा पुरतो. बांधकामाची सळई किंवा पट्टी असेल तर कितीही ठोका, कितीही पाणी द्या, ती कडक होत नाही.

मग खरी अडचण सुरू होते. लोहाराचा हात कोयत्यावर बसलेला असतो. तुम्ही 'सुरी' म्हटलंत तरी तो लहान कोयताच करून देतो: पाठ 5 मिलिमीटर आणि धारेच्या मागे भलतंच मांस. अशा सुरीनं गाजर कापलं जात नाही, तडकतं. त्याला स्पष्ट सांगा की पाठ अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि धारेकडे उतार पाठीपासूनच हवा. तोंडी सांगून भागत नाही. मी खोक्याच्या पुठ्ठ्याचं पातं कापून नेतो, मुठीत जाणाऱ्या शेपटासकट. पातं 7 इंच, रुंदी दीड इंच, शेपूट मुठीच्या टोकापर्यंत. कागदावरचं चित्र पाहून मान डोलवतात, पुठ्ठा मात्र लोखंडावर ठेवून आखतात.

आता पाणी. कोयता पाण्यात बुडवतात, पण बारीक सुरी पाण्यात गेली की कधी कधी 'टिक्' असा आवाज येतो. तो आला तर पैसे देऊन सुरी तिथंच ठेवून या, ती तडकली आहे. कमानीच्या पाट्याला तेल मानवतं. स्टीलच्या डब्यात तळणीचं उरलेलं लिटरभर तेल घेऊन जा आणि कोमट करून त्यात बुडवायला सांगा. भडका उडतो, म्हणून झाकण हाताशी ठेवा आणि प्लॅस्टिकचा डबा नेण्याचा शहाणपणा करू नका. किती तापवायचं ते लोहाराचा डोळा सांगतो. नवखा असेल तर चुंबक न्या. लाल पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की आणखी किंचित तापवून बुडवायचं.

अशी निघालेली सुरी फार ठिसूळ असते. तिचा ताण उतरवावा लागतो आणि बाजारात हीच पायरी घाईत उरकतात. म्हणून मी मूठ न बसवताच पातं घरी आणतो, घासून चकचकीत करतो आणि ओटीजीमध्ये 200 अंशांवर तासभर ठेवतो. थंड झालं की पुन्हा एकदा तासभर. पातं फिकट गव्हाळ रंगावर येतं. निळं झालं तर उष्णता जास्त झाली, धार लवकर बोथट होईल. (तेलाचा वास दोन दिवस घरात राहतो. घरच्यांना आधी कल्पना द्या. मी दिली नव्हती.)

लोहाराची तयार सुरी विकत घेत असाल तरी हाच निळा रंग शोधा. धारेच्या कडेला निळी-जांभळी झाक असेल तर ग्राइंडरवर ती जाळली आहे, तेवढ्या भागातलं पाणी गेलं. खिशात छोटी कानस असू द्या. धारेजवळ हलकेच फिरवा. लोण्यासारखी चावली तर सुरी मऊ, काचेवरून घसरावी तशी घसरली तर ताण न उतरवलेली, थोडी घसरून थोडी चावली तर घ्या.

माझ्या शेवटच्या पात्याचे 400 रुपये झाले, मजुरी आणि पाटा धरून. मुठीला बाभळीचा किंवा सागाचा तुकडा सुताराकडे मिळतो. दोन पितळी सळ्या, एपॉक्सी आणि वर जवसाचं तेल. उरलेल्यातून दोन बाजूंचा धारेचा दगड घ्या, शक्यतो एक बाजू 1000 ग्रिटची (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा). पाच हजारांची बोथट सुरी दगडावरून आलेल्या दोनशेवालीसमोर टोमॅटो चिरडत बसते. रस्त्यावरच्या चाकावर कमानीची सुरी देऊ नका, एका मिनिटात जाळतात.

ही सुरी गंजते. लिंबू, कांदा, चिंच लागली की काळी पडते. ते काळेपण राहू द्या, ते गंजाला आडच येतं. वापरली की लगेच धुऊन पुसायची आणि पावसाळ्यात औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवायचा. पहिले चार-आठ दिवस कापलेल्या सफरचंदाला लोखंडी चव येते, पुढे थांबते.

कायद्याचंही कोणी ना कोणी विचारतं. शस्त्र नियमांतली 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा घरगुती वापराच्या सुऱ्यांना नाही, आणि आपलं पातं तसंही तिच्या आतच आहे.

राहता राहिला डावखुरेपणा. पुष्कळ लोहार सवयीनं विळ्या-कोयत्यासारखी एकाच अंगानं धार काढतात, आणि ती उजव्या हाताच्या हिशेबाची असते. डाव्या हातात तशी सुरी कापताना तिरकी पळते, चकत्या एका बाजूला जाड होतात. पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरात लिहा: धार दोन्ही अंगांनी.