व्हिडिओ गेममधील पात्रांची भाषा खेळाडूला न कळणे कथेच्या कामी येते का?
होय, आणि माझ्या मते याचे सर्वांत सुंदर उदाहरण २००१ सालचा ‘फायनल फँटसी टेन’ हा खेळ आहे. अनोळखी जगात एकाकी सापडलेल्या टीडस या नायकाला जहाजावर घेणाऱ्या अल भेद लोकांचे बोलणे त्याला कळत नाही, तसेच खेळाडूलाही कळत नाही. दोन्ही भाषा जाणणारी रिक्कू हाच तेथे एकमेव दुवा ठरतो. खेळभर विखुरलेल्या २६ पुस्तिकांपैकी प्रत्येक पुस्तिका एकेक अक्षर उलगडते आणि संवादपट्टीत तेवढेच अक्षर वाचता येऊ लागते. हे ज्ञान नव्या डावातही नेता येत असल्यामुळे, पहिल्यांदा केवळ धाक वाटलेले तेच संवाद दुसऱ्यांदा खेळताना माणसांचे बोलणे म्हणून ऐकू येतात. ‘चँट्स ऑफ सेनार’मध्ये (२०२३) तर खेळाडू स्वतःच दुभाष्या होतो.