अधीक्षक, आणि तोही दीर्घ 'धी'चा

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या 'स्टेट सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन'ला मराठीत शिक्षण संचालक म्हणावं का?

नाही. अधीक्षक म्हणा. आणि कृपा करून 'धी' दीर्घ काढा. कचेऱ्यांच्या दारांवर 'अधिक्षक' वाचून डोळे शिणले. अधि + ईक्षक, वरून पाहणारा. 'परिक्षा' लिहिणाऱ्यांचीच ही करामत; संधी तोच, चूकही तीच.

संचालक का नको? 2013 साली तिथल्या विधिमंडळाने 'सिनेट फाइल 104' हे विधेयक मंजूर केलं. निवडून आलेल्या सुपरिंटेंडंट सिंडी हिल यांच्याकडून शिक्षण खात्याचा कारभार काढून गव्हर्नरने नेमायच्या डायरेक्टरकडे दिला. दोघांनाही संचालक म्हटलंत की बातमीत संचालकाचे अधिकार संचालकाकडे जातात!

पण खरी गंमत पुढे आहे. 'सुपरिंटेंडंट' आला चर्चच्या लॅटिनमधून, ग्रीक 'एपिस्कोपोस'चा अनुवाद म्हणून. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. हाच एपिस्कोपोस झिजून इंग्रजीत बिशप झाला, पोर्तुगिजांबरोबर गोव्यात येऊन कोकणीत बिस्प. आणि 'स्कोप' ही 'स्पेक्' (पाहणं) या प्राचीन इंडो-युरोपीय धातूतल्या व्यंजनांची अदलाबदल. तोच धातू संस्कृतात 'पश्यति' आणि 'स्पश', म्हणजे हेर. गोव्याचा बिस्प आणि राजाचा हेर सख्खे भाऊबंद! यावर मी तासभर बोलू शकतो.

काही शुद्धिवादी 'अधीक्षक'ला नाक मुरडतात. म्हणे अस्सल शब्द 'अध्यक्ष', कौटिल्याचा सीताध्यक्ष बघा. बघितला. तो राज्याची शेती सांभाळायचा. आजचा अध्यक्ष हार घालून घेतो आणि दोन शब्द बोलतो. वायोमिंगच्या अधिकाऱ्याला 'शिक्षणाध्यक्ष' म्हणून त्याला सत्काराच्या खुर्चीत बसवायचं आहे का?

तसंच काहीसं 2013च्या त्या कायद्याने केलं होतं म्हणा. पण वायोमिंगच्या राज्यघटनेने शाळांवरची 'जनरल सुपरव्हिजन' या पदाकडे सोपवली आहे. कोर्टात सरकारचा भर त्याच कलमातल्या पुढच्या शब्दांवर होता: अधिकार आणि कर्तव्यं कायद्याने ठरतील. जानेवारी 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. आता सुपरव्हिजन फोडा: सुपर म्हणजे वर, विदेरे म्हणजे पाहणं. अक्षरशः अधि + ईक्षण! 'संचालक'मध्ये हे कुठे सापडणार?

'पब्लिक इन्स्ट्रक्शन'चं काय ते राहिलंच. सार्वजनिक शिक्षण. लोकशिक्षण नव्हे, ते वेगळं.