वर्गणी नंतर, आधी सातबारा

तुमच्या गावचा सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, विकायला निघालाय. कोणी रिसॉर्टवाला हात मारायच्या आत गावकरी आणि मुंबईकर मिळून वर्गणीने तो घेऊन सगळ्यांसाठी मोकळा ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. पण तुम्ही क्यूआर कोड छापायला निघालात, तिथे जरा थांबा.

अवारोआचं उदाहरण तुम्हीच दिलंत. न्यूझीलंडच्या एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतली ७ हेक्टर खासगी जमीन, पुढ्यात सोनेरी वाळूची पुळण. २०१५च्या नाताळात दोघा मेहुण्यांच्या गप्पांतून कल्पना निघाली आणि फेब्रुवारी २०१६मध्ये त्यांची बोली लागली. सुमारे ४० हजार लोकांनी मिळून २० लाखांहून जास्त न्यूझीलंड डॉलर उभे केले, सरकारनेही साडेतीन लाखांची भर घातली. मला त्यातली आवडते ती गोष्ट वेगळीच. एक उद्योगपती कमी पडतील तेवढे पैसे द्यायला तयार होता. अट इतकीच की थोडा भाग त्याच्या कुटुंबाला वापरायला मिळावा. मेहुण्यांनी नको म्हटलं. जुलै २०१६मध्ये जमीन राष्ट्रीय उद्यानात गेली. म्हणजे ती कोणाच्या पदरात घालायची, हे पहिल्या डॉलरच्या आधीच ठरलेलं होतं.

आमचं गाडं नेमकं त्याच्याही अलीकडे अडलं. काही वर्षांपूर्वी आम्ही साडेतीन एकरांसाठी पैसे जमवले. सातबारावर २१ नावं, त्यातली ६ मयत, वारसनोंदी नाहीत. उत्साहात इसार देऊन बसलो. मग मालकांपैकी एकाची बदलापूरची बहीण म्हणाली, मला तर कोणी विचारलंच नाही. तिचं बरोबरच होतं. सौदा फिसकटला, इसार अडकला, आणि ५०१ रुपये देणाऱ्यांचे खाते क्रमांक शोधता शोधता आमचा खजिनदार मेटाकुटीला आला. तेव्हा आधी सातबारा, सगळे फेरफार, मोजणी. तोवर लोकांकडून फक्त आकडा लिहून घ्या, पैसे नाही.

दुसरं, नाव कोणाचं? ‘सध्या माझ्या नावावर घेऊ, मी शेतकरी आहे’ असं म्हणणारा प्रत्येक गावात भेटतो, आणि माणूस चांगलाही असतो. त्याच्या मुलांचं काय सांगणार? सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) नोंदवा. कूळकायद्याच्या कलम ६३मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, न्यासालाही ती काढावी लागेल. त्यात वेळ जातो, हे मालकाला आधीच सांगा. पुढे न्यासाला जमीन विकायची झाली तर सार्वजनिक न्यासांच्या १९५०च्या कायद्याच्या कलम ३६प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ऐकायला जाच वाटतो, पण तुम्हाला तोच जाच हवाय. उद्याच्या विश्वस्तांना मोह झाला तर आड यायला काहीतरी असू दे.

देणग्यांचं थोडक्यात: न्यासाला आयकर खात्याची देणगी-सवलतीची मान्यता (लोक जिला ८०जी म्हणतात) मिळाल्यावर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सूट मिळते, मात्र २,०००च्या वरच्या रोख रकमेवर नाही. आणि अमेरिकेतले भाचे-पुतणे. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असतील तर हरकत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परकीय ठरतो; एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

रक्कम ठरवताना नुसता जमिनीचा भाव धरू नका. मुद्रांक शुल्क, वकील, मोजणी तर आहेच, शिवाय वणवा अडवायला आधीच गवत जाळून जाळपट्टा काढणं, शनिवार-रविवारच्या बाटल्या उचलणं, राखणदाराचा पगार. आम्ही हे धरलंच नव्हतं.

आणि वाट. सड्यावर चढणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, कोणाच्या काजूच्या बागेतून जाते? सौद्याची बोलणी पुढे जायच्या आत त्या मालकाकडे जाऊन बसा आणि येण्याजाण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्या. आज तो चहा पाजून सही देईल. सडा तुमचा झाला की दगडी गडग्यातल्या वाटेला बेडं घालून ती बंद करेल.