वाचकांचे प्रश्न : खानावळीतलं पाणी जातं कुठं?

प्रश्न : मी मिरजेत दवाखान्यांच्या भागात खानावळ चालवते. जेवणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. उन्हाळा लागला की नळाचं पाणी पुरत नाही, आठवड्याला दोन-तीन टँकर घ्यावे लागतात. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं यंत्र बसवा, असं एकानं सुचवलंय. बसवावं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, यंत्राचं नंतर बघू. आधी भांड्यांच्या मोरीत जाऊन उभ्या राहा. हॉटेलांची नळजोडणी करण्यात माझी उमर गेली. खानावळीचं पाणी स्वयंपाकाला थोडं आणि मोरीत फार जातं.

मोरीच्या नळाखाली १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. टाकी उंचावर असेल आणि नळ पूर्ण सोडला असेल तर मिनिटाभरात ती भरते. असा नळ दिवसाकाठी चार तास वाहिला की ३,६०० लिटर गेले. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेतून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, तेव्हा एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर मावायचं. तेवढं पाणी या एका नळातून दोन आठवड्यांत गटारात जातं. मला हे बघवत नाही.

भांडी घासणाऱ्या मावशींना मात्र बोल लावू नका. हात साबणानं बरबटलेले, त्यात जड कढई. दर ताटाला चावी कोण पिळत बसेल? दवाखान्यात डॉक्टर कोपरानं बंद करतात तसला लांब दांडीचा नळ मोरीला बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. खरकटं कोरडंच काढा, कढया भिजत घाला, एका टबात घासून दुसऱ्यात विसळा. वाहतं पाणी शेवटच्या हाताला तेवढं.

हात धुण्याच्या बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी छोटी जाळी, लावा; धार भरदार लागते आणि पाणी कमी जातं. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जिलेबीचा रंग टाकून पंधरा मिनिटं थांबा; न दाबता खाली रंग उतरला तर वॉशर गेलाय, आजच बदला. पिण्याचं पाणी शुद्ध करणारा छोटा आरओ फिल्टर लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. त्या टाकाऊ पाण्याची नळी पिंपात सोडा, फरशी आणि संडास त्यावर निघतील.

सांडपाण्याचं यंत्र वाईट नाही. पण खानावळीच्या सांडपाण्यात तेलाचा तवंग असतो. तो अडवणारा चेंबर आधी लागतो, शिवाय रोज साफसफाई बघणारा माणूस. म्हणून आधी वरचे उपाय करा आणि महिनाभर टँकरची वही ठेवा. तरीही आठवड्याला दोन लागले तर वहीतले आकडे मला कळवा, मग यंत्राचा हिशेब मांडू.