स्पीकर बदलण्याआधी खुर्ची हलवा

या वेळच्या पत्रांतही तीच तक्रार आहे: घरात आवाज घुमतो, कोणता स्पीकर घेऊ? ब्रँड, बजेट, वॅट सगळं लिहिलेलं असतं. खोलीची लांबी-रुंदी मात्र एकाच वाचकाने कळवली आहे, म्हणून त्यांनाच सगळ्यात मोठं उत्तर मिळेल.

ट्वीटर कानाच्या उंचीलाच हवा का? आमचे स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आहेत. (ऐरोली)

हो, ट्वीटर म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीलाच हवा. कप्प्यातून आजच बाहेर काढा.

खोक्यावर ५००० वॅट पीएमपीओ लिहिलंय. दुकानदार म्हणतो, एवढी पॉवर दुसऱ्या कशात नाही. (पाचपाखाडी)

पीएमपीओ या आकड्याला कसलंही ठरलेलं मोजमाप नाही. ज्याला जो आवडेल तो छापतो. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, विचारा आणि तो आकडा सांगता आला नाही तर दुकानातून बाहेर पडा. दुसरी गोष्ट म्हणजे वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर तो किती डेसिबल आवाज काढतो ते बघा. ९० डेसिबलचा स्पीकर जेवढ्या वॅटवर वाजतो, तेवढाच आवाज काढायला ८४ डेसिबलच्या स्पीकरला चौपट वॅट लागतात. तुमचा ॲम्प्लिफायर त्या स्पीकरला झेपेल का, हे दोन्हींची माहितीपत्रकं घेऊन जाणकार टेक्निशियनला विचारा.

घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट घेतला. १० बाय १० ची बेडरूम गाणं ऐकायला ठेवली आहे. स्पीकर दोन कोपऱ्यांत स्टँडवर, समोर भिंतीला लागून सोफा. तबला लावला की डग्ग्याचे काही घुमारे सगळं झाकून टाकतात, तानपुराही फुगतो. दुकानदार सबवूफर घ्या म्हणतो, मित्र म्हणतो भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. (ठाणे पश्चिम)

दोघांचंही ऐकू नका, सबवूफर म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर नको आणि ट्रेही नकोत. दोष स्पीकरचा नाही, चौरस खोलीचा आहे.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर, म्हणजे ११३० फूट धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट अंतर असलं की ५७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनांच्या आसपासचा खालचा सूर त्या दोघींमध्ये अडकून पुन्हा पुन्हा वाढतो. १२ फुटांच्या भिंतींत हेच ४७ ला होतं. आयताकृती खोलीत हे फुगवटे वेगवेगळ्या सुरांवर पांगतात. तुमच्या खोलीत लांबी आणि रुंदी एकच, म्हणून दोन्ही एकाच सुरावर चढतात. छत साडेनऊ फुटांवर धरलं तर तिसरा फुगवटाही ६० च्या जवळ येऊन बसतो. वर ८० आणि ११३ च्या आसपास पुन्हा हाच प्रकार. डग्ग्याची मींड यातल्या एखाद्या सुरावरून गेली की तिथेच खोली ओरडते, बाजूच्या सुरावर गप्प राहते. वादकाने जो समतोल हाताने साधलाय, तो तुमच्या भिंती मोडतात. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण माणसं चांगले स्पीकर बदनाम करून विकून टाकतात.

त्यात तुम्ही स्पीकर कोपऱ्यात ठेवलेत. भिंत जवळ आली की खालचे सूर वाढतात आणि कोपऱ्यात दोन भिंती व जमीन मिळून सगळ्यात जास्त वाढवतात. सोफाही भिंतीला लागून, आणि हे अडकलेले सूर भिंतीपाशीच सर्वांत जोरात ऐकू येतात. आणखी एक सबवूफर आणून कोपऱ्यात ठेवलात तर आगीत तेल ओताल. अंड्यांच्या ट्रेबद्दल सांगायचं तर ५७ हर्ट्झच्या लाटेची लांबी २० फूट असते. दोन इंचांचा पुठ्ठा तिला काय अडवणार? वरचे थोडे सूर तो शोषतो, त्यामुळे खोली आणखीच बोजड वाटते. शिवाय तो पुठ्ठा लगेच पेट घेतो. घराच्या भिंतीवर तो नको.

आता एक संध्याकाळ काढा. ओळखीचं तबलावादन लावा आणि खोलीभर फिरा. कोपऱ्यात, भिंतीपाशी, बरोबर मध्ये उभं राहून ऐका. मध्यभागी डग्गा अशक्त झालेला जाणवेल. बसायची जागा भिंत आणि मध्य यांच्या मधली, मागच्या भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर धरा. सोफा जड असेल तर या खोलीत खुर्ची आणा. स्पीकर कोपऱ्यातून सोडवा, पाठीमागे दीड-दोन फूट जागा ठेवा आणि बाजूच्या भिंतीचं अंतर त्याहून वेगळं ठेवा. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिन्ही बाजू सारख्या होतील असा त्रिकोण साधा. स्पीकरच्या खोक्याच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपाशी ते जास्त घुमतं. घडी केलेला सुती मोजा त्यात बसवून फरक ऐका, पण आधी कंपनीचं पुस्तक वाचा.

एवढं करून सत्तर टक्के तरी समाधान झालं नाही, तर माइक लावून खोली मोजणाऱ्या ॲकॉस्टिक्सच्या तज्ज्ञाला बोलवा. सुताराला ॲडव्हान्स देण्याच्या आधी बोलवा, नंतर नाही.

वूफरच्या कडेचा फोम फाटलाय. दोन वर्षं तसाच वाजवतोय, चालेल ना? (नेरूळ)

नाही. आपल्या दमट हवेत हा फोम कुजून पिठासारखा होतो. कड सुटली की वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरचा, कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) सरळ हलत नाही, आतली कॉइल चुंबकाला घासते आणि कड बदलून जे काम भागलं असतं, तिथे अख्खा वूफर बदलावा लागतो. दोन वर्षं फार झाली. आज वाजवणं थांबवा, घरातला गोंद लावू नका, चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. जमलं तर रबरी कड बसवून घ्या, मात्र ती त्या कोनला चालेल का हे त्यालाच ठरवू द्या.

इंटिरियरवाले पीओपी सीलिंगमध्ये सहा स्पीकर बसवा म्हणतात. (खारघर)

जेवताना मागे काहीतरी वाजत राहावं एवढीच अपेक्षा असेल तर दोन पुरे. बसून गाणं ऐकायचं असेल तर एकही नको. गायक समोर असतो, डोक्यावर नसतो. कोटेशनवर सही करण्याआधी दुसऱ्या माणसाचं मत घ्या.

ॲम्प्लिफायरमधून सतत घरघर येते. शेजाऱ्याच्या सल्ल्याने प्लगची अर्थिंगची पिन काढली, आवाज थांबला. (कळवा)

प्लग आत्ताच काढा आणि पिन परत बसेपर्यंत तो सेट लावू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. घरघर बहुधा केबल टीव्हीच्या वायरीतून येते आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून ठेवा आणि आवाज थांबतो का बघा. हे करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मात्र तपासून घ्याच.

लाल-काळी वायर एका स्पीकरला उलटी लागली तर बिघडतं का? (वाशी)

स्पीकर बिघडत नाही, आवाज बिघडतो. बेस नाहीसा होतो. सरळ करा.

सोन्याच्या मुलाम्याची, आठ हजारांची केबल घेऊ का? (कोपरखैरणे)

पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते.

शोरूममध्ये दोन जोड्या ऐकल्या. महागडी स्पष्टच सरस वाटली. घेऊन टाकू? (नौपाडा)

थांबा. आवाज दोन्हींचा सारखा ठेवला होता का? एक-दोन डेसिबलने मोठी वाजणारी जोडी कानाला नेहमीच बरी वाटते, आणि हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. परत जा, तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं एखादं गाणं सोबत न्या, आवाज बरोबरीला आणायला लावा. मग दोन दिवस घरी लावून बघायला मागा. दुकानदार तयार नसेल तर पैसे देण्याआधी मला खोलीचं माप कळवा.