बक्षीसपत्र दिलेलं घर परत मिळतं का?

प्रश्न : गणेशोत्सवासाठी आम्ही प्रहसन बसवतोय. मुलगा-सून गोड बोलून फ्लॅट बक्षीसपत्राने लिहून घेतात आणि आईवडिलांची खाट गॅलरीत टाकतात. शेवटी वडील घर परत मिळवतात. हे पटेल का?

उत्तर : पटेल, पण बक्षीसपत्राचा प्रवेश नीट लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ बघा. ‘सांभाळ करीन’ या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांत, अर्थात उपविभागीय अधिकारी; अर्ज त्यांच्याकडे करायचा. अट कागदावरच नसेल तर मात्र वडील अडचणीत येतात. आणि आईला नुसती रडवू नका हो, अर्जावर तिचीही सही घ्या. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक आया ‘पोराची बदनामी होईल’ म्हणून पेन खाली ठेवतात.